बर्फ, यीस्ट आणि सोनेरी बिअर

1838 साली बोहेमियातल्या पिल्सेन शहरात 36 पिंपं बिअर नगरभवनासमोर, भर चौकात ओतून देण्यात आली. ती कोणी जप्त केलेली नव्हती, की त्यामागं दारूबंदीची चळवळही नव्हती. बिअर नासली होती, इतकंच. नासकी बिअर पिल्सेनकरांना नवी नव्हती. आता मात्र त्यांचा संयम सुटला होता.

हे शहर 1295 मध्ये राजा दुसरा वेन्सेस्लास यानं वसवलं, तेव्हाच तिथल्या 260 घरांना बिअर बनवण्याचा आणि विकण्याचा हक्क मिळाला होता. हक्क घराला चिकटलेला. घर विकलं की हक्कही गेला. पिढ्यान् पिढ्या हे घरमालक आळीपाळीनं बिअर गाळत आले. पण हक्क वारशानं मिळाला म्हणून हातगुण मिळतोच असं नाही. कोणाची बिअर आंबट, कोणाची गढूळ. शेजारच्या बव्हेरियातून येणारी बिअर मात्र स्वच्छ आणि टिकाऊ असायची, आणि गिऱ्हाईक तिकडं वळू लागलं होतं. पिंपं ओतल्यानंतर या हक्कदारांनी एकत्र येऊन एकच मोठा कारखाना उभारायचं ठरवलं. त्यातून जे घडलं त्यानं जगातल्या बहुतेक माणसांच्या मनातली बिअरची व्याख्याच बदलून टाकली. आज आपल्याकडं बारमध्ये ‘एक बिअर’ म्हटल्यावर जी पिवळी, पारदर्शक, फेसाळ आणि बर्फासारखी गार बाटली समोर येते, ती या पिल्सेनच्या बिअरचीच दूरची नातलग आहे. ती चवीच्या जोरावर जिंकली असं तिचे चाहते सांगतात. माझं मत वेगळं आहे. ती थंडीच्या जोरावर जिंकली, आणि थोडी उसनवारीच्या.

ही गोष्ट कळायची तर बिअर कशी होते ते आधी पाहावं लागेल.

बिअरचं मूळ बार्लीत, म्हणजे सातूत. पण बार्लीच्या दाण्यात साखर नसते, स्टार्च असतो, आणि यीस्टला स्टार्च पचत नाही. म्हणून दाणे दोन दिवस भिजवून त्यांना मोड आणतात. मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात, जी स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतात. ही किमया अर्ध्यावर थांबवायची आणि दाणे भट्टीत वाळवायचे. याला माल्ट म्हणतात. मग माल्ट भरडून साधारण 65 अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर मुरवायचं. थांबलेली किमया पुन्हा सुरू होते आणि गोड काढा तयार होतो. चोथा गाळून टाकला की काढा तास-दीड तास उकळायचा, आणि त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं घालायची. हॉप्सचा कडूपणा माल्टच्या गोडव्याला तोलतो आणि बिअर नासवणाऱ्या जिवाणूंना आवरही घालतो. काढा निवला की त्यात यीस्ट. ते साखर खातं, आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड मागं ठेवतं.

साहित्य एवढंच. मग काळी स्टाउट, तांबूस एल आणि सोनेरी लागर यांत फरक येतो कुठून? रंग येतो भट्टीतून. माल्ट किती भाजलं त्यावर तो ठरतो. जातीचा मोठा फरक मात्र यीस्टचा आणि तापमानाचा. एलचं यीस्ट 15 ते 22 अंशांत खूश असतं, भराभर काम उरकतं, फेसाबरोबर वर येतं, आणि जाता जाता फळांसारखे, मसाल्यासारखे वास सोडतं. दोन-तीन आठवड्यांत बिअर पिण्याजोगी होते. लागरचं यीस्ट 7 ते 12 अंशांत, रमतगमत काम करतं आणि तळाशी बसतं. त्यानंतर ती बिअर शून्याच्या आसपास आठवडेच्या आठवडे, पूर्वी तर महिनोन् महिने, साठवून ठेवतात. या मुक्कामात तिच्यातले उग्र वास विरतात, गाळ बसतो, आणि राहते ती स्वच्छ, सरळ चव. ‘वर तरंगणारं’ आणि ‘तळाला बसणारं’ ही विभागणी आजच्या शंकूच्या आकाराच्या टाक्यांत फारशी उरलेली नाही, तिथं दोन्ही यीस्टं शेवटी खालीच येतात. पण नावं रूढ झाली ती झाली.

पिल्सेनचे घरमालक एलच्या जातीची, वर येणाऱ्या यीस्टची बिअर करत. ऊबदार आंबवणात ऐऱ्यागैऱ्या जिवाणूंचंही फावतं. उन्हाळ्यात तर विचारायलाच नको.

बव्हेरियात हे दुखणं कायद्यानं आटोक्यात आलं होतं. तिथला 1516 चा शुद्धतेचा कायदा सगळ्यांना ठाऊक असतो: बार्ली, हॉप्स आणि पाणी, चौथं काही घालायचं नाही. यीस्टचा त्यात उल्लेखच नाही, कारण ते काय आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. जर्मन कारखानदार या कायद्याचा मोठा अभिमान मिरवतात आणि जाहिरातीही त्यावरच करतात. मला मात्र 1553 चा फतवा जास्त महत्त्वाचा वाटतो. ड्यूक पाचवा आल्ब्रेख्ट यानं 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यावरच बंदी घातली. उन्हाळ्यात बिअर नासते, लोक ओरडतात, मग बनवूच नका. सरकारी खाक्याचा हुकूम होता, पण त्याचा परिणाम कोणत्याही शास्त्रज्ञाला हेवा वाटावा असा झाला. बिअर फक्त थंडीत बनू लागली, आणि थंडीत जे यीस्ट जगेल तेच पुढच्या घाण्याला वापरलं जाऊ लागलं. नकळत यीस्टची निवड होत गेली. उन्हाळ्यासाठीची बिअर मार्च महिन्यात करून डोंगरातल्या तळघरांत, हिवाळ्यात तळ्यांवरून कापून आणलेल्या बर्फाच्या सोबतीनं ठेवली जाई.

या थंडखोर यीस्टची कुळकथा आपल्या काळात उलगडली. ते संकरित आहे. एक पालक नेहमीचं एलचं यीस्ट आणि दुसरा थंडी सोसणारं एक रानटी यीस्ट. हा दुसरा पालक बरीच वर्षं सापडत नव्हता. तो 2011 मध्ये सापडला अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाच्या जंगलात, बीचच्या झाडांवर. पुढं तिबेटमध्येही त्याचे भाऊबंद मिळाले.

बव्हेरियाची बिअर टिकाऊ होती, पण ती सोनेरी नव्हती. म्युनिकची लागर गडद तपकिरी असे. एकतर भट्टीत लाकडाचा जाळ, त्यामुळं माल्ट करपायचंच. दुसरं कारण पाण्याचं. म्युनिकचं पाणी चुन्याच्या क्षारांनी जड. अशा पाण्यात फिकट माल्टचा काढा नीट उतरत नाही आणि हॉप्सचा कडूपणा खरखरीत लागतो. गडद माल्टमध्ये थोडी आम्लता असते, ती पाण्याचा जडपणा मारते. लंडन आणि डब्लिनचं पाणीही याच जातीचं, आणि ही दोन शहरं काळ्या बिअरसाठीच गाजली, हा योगायोग नव्हे. कोणाला कारण ठाऊक नव्हतं. पण पिढ्यान् पिढ्या जी बिअर चांगली उतरली ती टिकली.

फिकट माल्टची विद्या इंग्रजांकडं होती. त्यांनी दगडी कोळशापासून केलेला कोक भट्टीत वापरायला सुरुवात केली होती. कोकला धूर नाही, जाळ हवा तसा कमी-जास्त करता येतो, म्हणून माल्ट न करपवता वाळवता येई. औद्योगिक क्रांती बिअरच्या धंद्यात इंग्लंडमध्ये सगळ्यात आधी आली. लंडनचे पोर्टर नावाची काळी बिअर बनवणारे कारखाने अठराव्या शतकाच्या अखेरीस वाफेचं इंजिन वापरत होते. 1784 मध्ये जॉन रिचर्डसन यानं काढ्यातली साखर मोजण्याच्या उपकरणावर पुस्तक लिहिलं, आणि कारखानदारांना कळलं की पोर्टरसाठी वापरलं जाणारं तपकिरी माल्ट दिसायला स्वस्त असलं तरी त्यातून साखर फार कमी उतरते. फिकट माल्ट महाग, पण हिशेबात तेच परवडतं. मग रंगाचं काय? 1817 मध्ये डॅनियल व्हीलर यानं कॉफी भाजावी तसं माल्ट फिरत्या पिंपात काळं भाजण्याचं पेटंट घेतलं. चिमूटभर काळं माल्ट टाकलं की सगळी बिअर काळी. आजच्या स्टाउटचा रंग तिथून आला.

पोर्टरचे कारखानदार एकमेकांशी स्पर्धा करत लाकडी पिंपं वाढवत नेत होते. त्याचा शेवट एकदा फार वाईट झाला. 17 ऑक्टोबर 1814 रोजी लंडनच्या हॉर्स शू ब्रुअरीत 22 फूट उंचीचं एक पिंप फुटलं, त्याच्या दणक्यानं आणखी काही पिंपंही गेली, आणि पोर्टरचा लोंढा शेजारच्या गरीब वस्तीत घुसला. 8 जणांचा बळी गेला, सगळ्या बायका आणि मुलं. न्यायनिवाड्यात ही ईश्वरी करणी ठरली आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली नाही.

याच इंग्लंडात हिंदुस्थानशी जोडलेला एक धागा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान खाजगी व्यापारासाठी मद्य नेत. लंडनच्या बो भागात जॉर्ज हॉजसन याचा कारखाना जहाजांच्या धक्क्यापासून जवळ होता आणि तो कप्तानांना दीड वर्ष उधारी देई. तेवढ्या भांडवलावर त्यानं मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याच्या गोऱ्यांची बाजारपेठ हातात ठेवली. त्याची फिकट, जास्त हॉप्स घातलेली बिअर पाच-सहा महिन्यांच्या प्रवासात, विषुववृत्त दोनदा ओलांडून, पिंपात हलत-डुलत येई आणि येता येता छान मुरे. ही बिअर खास हिंदुस्थानसाठी शोधून काढली अशी दंतकथा आहे. तसं नव्हतं. इंग्लंडातल्या जमीनदारांच्या तळघरांत मुरणारी अशी बिअर आधीपासून होती, समुद्रप्रवास तिला मानवला इतकंच. आणि दुसरी एक गोष्ट दंतकथेत बसत नाही म्हणून सांगितली जात नाही. फिकट एल साहेबलोकांची. बराकीतल्या गोऱ्या शिपायांसाठी हिंदुस्थानात जी बिअर ढिगानं येई ती काळी पोर्टर.

हॉजसनच्या वारसांना पुढं लोभ सुटला. उधारी बंद केली, भाव चढवले, कप्तानांना बाजूला सारून स्वतःच माल पाठवू लागले. ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक चिडले. त्यांच्यातल्या कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यानं 1820 च्या दशकाच्या सुरुवातीला बर्टन गावच्या बिअर कारखानदार सॅम्युएल ऑलसॉप याला गाठलं. बर्टनवाल्यांचा रशियाशी चाललेला धंदा जकातीमुळं बुडाला होता, त्यांना नवी बाजारपेठ हवीच होती. ऑलसॉपच्या माल्ट करणाऱ्या कारागिरानं नमुन्याची पहिली बिअर चहाच्या किटलीत केली असं सांगतात. बर्टनचं पाणी जिप्समनं भरलेलं. त्यात फिकट माल्ट आणि हॉप्स असे काही खुलले की लंडनची बिअर मागं पडली. ‘इंडिया पेल एल’ हे नाव जाहिरातींत येऊ लागलं ते यानंतर.

1833 मध्ये या ब्रिटिश कारखान्यांत दोन तरुण पाहुणे आले. एक म्युनिकच्या श्पाटेन कारखान्याचा वारस गाब्रिएल झेडलमायर, वय 22. दुसरा व्हिएन्नाजवळच्या क्लाइन-श्वेखाटचा आंटोन ड्रेयर, वय 23. इंग्लंड-स्कॉटलंडातले कारखाने पाहायचे, यजमानांचं कौतुक करायचं, आणि कोणाचं लक्ष नसताना आंबणाऱ्या पिंपात हातातली काठी बुडवायची, असा त्यांचा शिरस्ता. काठी पोकळ होती. आत नमुना शिरायचा, आणि रात्री मुक्कामावर त्याचं तापमान आणि साखर मोजली जायची. या चोऱ्या पचतात कशा, अजून मार कसा बसला नाही, याचं झेडलमायरला स्वतःलाच नवल वाटे, तसं त्यानं घरी कळवलंही होतं. औद्योगिक हेरगिरीचा इतका गमतीदार नमुना दुसरा मला माहीत नाही.

घरी परतल्यावर दोघांनी इंग्रजी भट्टी आणि मोजमाप बव्हेरियन यीस्टला जोडलं. 1841 मध्ये ड्रेयरनं व्हिएन्नात तांबूस लागर बाजारात आणली, झेडलमायरनं म्युनिकला तशीच मार्चची बिअर. रंग उजळू लागला होता. शेवटची पायरी मात्र पिल्सेनच्या वाट्याला आली.

तिथं स्थापत्यकार मार्टिन स्टेल्झर यानं आधी फिरून बव्हेरियातले कारखाने पाहिले आणि मग राडबुझा नदीकाठी नवा कारखाना बांधला. खाली वालुकाश्मात तळघरं कोरायला सुरुवात झाली. आज त्यांची लांबी 9 किलोमीटरच्या आसपास भरते. भट्टी इंग्रजी धाटणीची. आणि मुख्य कारागीर बव्हेरियाचा, फिल्सहोफेन गावचा योझेफ ग्रोल. वय 29, तोंडानं फटकळ, वागायला आडमुठा अशी त्याची ख्याती. एका भिक्षूनं बव्हेरियातून यीस्ट चोरून पिल्सेनला आणलं अशी एक चटकदार कथा प्रचलित आहे. मला ती पटत नाही. ज्यांनी उघडपणे बव्हेरियन माणूसच पगारावर ठेवला, त्यांना यीस्टसाठी भिक्षूची काय गरज?

ग्रोलनं 5 ऑक्टोबर 1842 रोजी पहिला घाणा लावला. पद्धत घरचीच. मुरवणातला एक भाग काढून वेगळा उकळायचा आणि परत मिसळायचा, असं तीनदा. थर्मामीटर नसलेल्या काळात तापमान टप्प्याटप्प्यानं चढवण्याची ही युक्ती होती. बार्ली स्थानिक, हॉप्स जवळच्या झाटेत्सचे, नाजूक वासाचे आणि कमी कडू. पाणी पिल्सेनचं, युरोपात क्वचितच आढळेल इतकं हलकं. ग्रोलनं सोनेरी बिअर करायचीच असं ठरवून ती केली, की फिकट माल्ट आणि हलकं पाणी योगायोगानं जुळून आलं, यावर वाद घालता येतो. मला दुसरी बाजू जवळची वाटते. पण ते माल्ट आणि ते यीस्ट तिथं आणून ठेवण्याचं काम योगायोगानं झालेलं नव्हतं.

11 नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या सणाला, पिंपं उघडली. शहरानं असा रंग बिअरमध्ये पाहिला नव्हता. त्याच सुमारास बोहेमियातली काच स्वस्त होऊन सामान्य गिऱ्हाइकाच्या हातात येत होती. माती-कथलाच्या पेल्यात बिअर काळी की गोरी कोणाला कळतं? काचेच्या पेल्यात मात्र गाळ लपत नाही आणि सोनं झाकत नाही. ग्रोलला याचा फार फायदा झाला नाही. 1845 मध्ये त्याचा करार संपला, तो वाढवला गेला नाही, आणि तो गावी परतला. 1887 मध्ये तो वारला, तोही गावातल्या नेहमीच्या पिठ्यात, मित्रांच्या टेबलावर.

1860 च्या दशकात रेल्वे पिल्सेनला पोहोचली आणि बिअर युरोपभर गेली. पाठोपाठ नकला आल्या. पिल्सेनकरांनी 1859 मध्येच नाव नोंदवलं होतं. तरीही 1899 मध्ये म्युनिकच्या न्यायालयानं निकाल दिला की पिल्सनर हे आता एका गावाच्या मालाचं नाव राहिलेलं नाही, तो बिअरचा प्रकार झाला आहे. म्हणून आज कोणीही बाटलीवर पिल्सनर लिहू शकतो.

बव्हेरियन यीस्ट उत्तरेकडं कसं गेलं, ते आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीला लगेच समजेल. चांगलं विरजण शेजारून मागून आणतात तसंच. कोपनहेगनचा याकोब क्रिश्चियन याकोबसेन 1845 मध्ये म्युनिकला झेडलमायरकडं गेला, डब्यांत यीस्ट भरून घेतलं आणि घोडागाडीनं डेन्मार्ककडं निघाला. वाटेत जिथं जिथं गाडी थांबे तिथं उतरून डब्यांवर गार पाणी ओतायचं, हा त्याचा उद्योग. यीस्ट जिवंत पोहोचलं. 1847 मध्ये त्यानं शहराबाहेरच्या टेकडीवर नवा कारखाना काढला आणि त्याला आपला मुलगा कार्ल याचं नाव दिलं, कार्ल्सबर्ग.

याकोबसेनला विज्ञानाची ओढ होती. 1875 मध्ये त्यानं कारखान्यात प्रयोगशाळा उघडली आणि एक अट घातली. इथं लागलेला कोणताही महत्त्वाचा शोध गुप्त ठेवायचा नाही. याच सुमारास फ्रान्समध्ये लुई पाश्चर बिअरवर काम करत होता. 1870 च्या युद्धात जर्मनीकडून मार खाल्ल्यानंतर निदान बिअरमध्ये तरी जर्मनांना हरवायचं असा त्याचा चंग होता. 1871 मध्ये लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यात जाऊन त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं यीस्ट पाहिलं आणि त्यात कुठं घाण आहे ते दाखवलं. 1876 मध्ये त्याचा बिअरवरचा ग्रंथ आला. बिअर जिवाणूंमुळं नासते, हे त्यातून सिद्ध झालं.

पण पाश्चरचे उपाय करूनही कार्ल्सबर्गची बिअर अधूनमधून बिघडतच होती. तिथल्या एमिल क्रिश्चियन हान्सेन यानं कारण शोधलं. जिवाणू तर आहेतच, पण यीस्टमध्येच रानटी यीस्ट मिसळलेलं असतं आणि तेही चव नासवतं. मग त्यानं यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून पूर्ण पीक वाढवलं. नोव्हेंबर 1883 मध्ये या शुद्ध यीस्टनं कारखान्यात बिअर बनू लागली. आता प्रत्येक घाण्याची चव आधीच्यासारखी येणार होती. एखाद्या दुसऱ्या मालकानं हे कुलपात ठेवलं असतं. याकोबसेननं मागेल त्याला वाटलं, प्रतिस्पर्ध्यांनाही. ज्यांनी ते घेतलं त्यांत लागर बनवणारेच बहुसंख्य. इंग्रज एलवाले कुरकुरत राहिले, त्यांना त्यांच्या मिश्र यीस्टची चव प्रिय होती. याच प्रयोगशाळेत 1883 मध्ये क्येल्डालनं धान्यातली प्रथिनं मोजण्याची पद्धत शोधली आणि 1909 मध्ये सोरेन्सेननं आम्लता मोजण्याचं पीएच हे माप दिलं. शाळेत लिटमस कागद बुडवणाऱ्या किती मुलांना ठाऊक असतं की पीएच बिअरच्या कारखान्यातून आला?

उरला थंडीचा प्रश्न. तोपर्यंत लागर म्हणजे बर्फ, आणि बर्फ म्हणजे हिवाळा. हिवाळा उबदार गेला की कारखान्याचं वर्ष बुडालं. बर्फाचा जागतिक व्यापारही होता. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं 1833 मध्ये तळ्यातला बर्फ जहाजानं कलकत्त्याला आणून दाखवला, आणि लवकरच मुंबईतही अमेरिकन बर्फ विकायला आला. साहेबाच्या पेल्यात तो परवडे, कारखान्याच्या टाकीत नव्हे. उत्तर दिलं कार्ल फॉन लिंडे यानं. म्युनिकमध्ये शिकवणाऱ्या या अभियंत्याच्या शीतयंत्राचे प्रयोग 1873 मध्ये झाले ते श्पाटेनमध्ये, पोकळ काठीवाल्या झेडलमायरच्या पैशावर आणि त्याच्याच जागेत. काही वर्षांत अमोनियावर चालणारं भरवशाचं यंत्र तयार झालं. 1553 चा फतवा निसर्गावर अवलंबून होता, लिंडेचं यंत्र नव्हतं. आता उन्हाळ्यात, समुद्रकाठी, विषुववृत्तावरही लागर बनणार होती.

एलची सद्दी इथं संपली. काही ठिकाणी ती हट्टानं टिकली. कोलोनच्या नगरसभेनं 1603 मध्येच तळाला बसणाऱ्या यीस्टवर बंदी घातली होती, तिथं आजही स्थानिक बिअर एलच्याच यीस्टची. बव्हेरियातली गव्हाची बिअरही एलच्या कुळातली, म्हणून तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, केळं-लवंग काहीही न घालता. ब्रुसेल्सजवळ तर यीस्ट घालतच नाहीत, उघड्या कढईतल्या काढ्यावर हवेतलं जे बसेल त्यावर भागवतात.

हिंदुस्थानात बिअरचे कारखाने आधी डोंगरात निघाले, कारण थंडी तिथंच होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एडवर्ड डायरनं हिमालयात कसौलीला एल बनवायला सुरुवात केली. जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा जनरल डायर हा त्याचाच मुलगा. शीतयंत्र आलं, वीज आली, आणि कारखाने मैदानात उतरले. बनू लागली ती लागरच. तिच्यात तांदूळ किंवा मका मिसळून अंग आणखी हलकं केलेलं, आणि भारतीय पिणाऱ्याला कमी पैशात जास्त चढायला हवी म्हणून बहुतेक ‘स्ट्राँग’. ग्रोलनं ही चाखली असती तर आपल्या फटकळ तोंडानं काय म्हटलं असतं ते इथं छापता येणार नाही. फ्रिजमधून काढलेल्या बिअरची चव जिभेला नीट लागतच नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांना ते सोयीचंच आहे.

गेल्या दीड दशकात पुणे, मुंबईत छोटे बिअर कारखाने निघाले. तिथं गव्हाची बिअर, स्टाउट, इंडिया पेल एल ताजी मिळते. घेणारा असाल तर तिथं आधी स्टाउट मागा आणि ती पाच-दहा मिनिटं तशीच ठेवून, थोडी कोमट झाल्यावर प्या. माल्टचा भाजका वास तेव्हाच वर येतो.

महाराष्ट्रातली बाटलीतली बिअर मोठ्या प्रमाणावर बनते ती छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत. कार्ल्सबर्गचाही कारखाना तिथं आहे, म्हणजे म्युनिकहून डब्यातून निघालेलं ते विरजण मराठवाड्यापर्यंत आलं. पाण्याचा गुणधर्म आता कोणाला अडवत नाही, क्षार काढून आणि घालून कोणतंही पाणी पिल्सेनचं किंवा बर्टनचं करता येतं. प्रश्न उरतो तो पाणी असण्याचा. 2016 च्या दुष्काळात, मराठवाड्यात पाण्याचे टँकर फिरत असताना, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं इथल्या मद्य आणि बिअर कारखान्यांचं पाणी 60 टक्क्यांपर्यंत कापण्याचा आदेश दिला, आणि तो आदेश पावसाळा सुरू होईपर्यंत लागू राहिला.